मधली फळी आणि फिरतीवरची माणसं

महिन्याचे शेवटचे तीन दिवस फिरतीवरच्या माणसाच्या घरात सगळ्यांना पाठ असतात. त्यांना 'क्लोजिंग' म्हणतात. त्या दिवसांत घरात साखरपुडा असो की लेकराला ताप असो, साहेबांचा फोन उचलावाच लागतो.

मी नांदेड हेडक्वार्टरला शेती औषधांच्या विक्रीत बरीच वर्षं काढली. मुदखेड, भोकर, उमरी, धर्माबाद, नायगाव हा माझा भाग. एका वर्षी ३१ जुलैच्या संध्याकाळी मी उमरीच्या एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा होतो. पावसाने तीन आठवडे ओढ दिली होती. सोयाबीन माना टाकत होतं, फवारणीचं नावही कोणी काढत नव्हतं. फोनवर एरिया मॅनेजर म्हणाले, "पाऊस पडला नाही हे सांगू नका, बिल पडलं का ते सांगा." मी दुकानदाराला विनवलं, "सावकार, एवढ्या वेळी घ्या." त्यांनी चाळीस पेट्या घेतल्या आणि म्हणाले, "माल हलला नाही तर उचलून न्यावा लागंल बघा." सप्टेंबरात एकतीस पेट्या परत आल्या. त्या माझ्या सप्टेंबरच्या आकड्यातून वजा झाल्या. ते सावकार नंतर कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मधल्या फळीचं व्यवस्थापन कच्चं असेल, तर विक्रीवर फिरणाऱ्यांची उमेद का आणि किती खचते, याचा आढावा मला लिहायला सांगितला तेव्हा पहिल्यांदा तो काउंटर आठवला. पण एका काउंटरवरून निष्कर्ष काढता येत नाही. या प्रश्नावर कायद्यात, संशोधनात आणि कामगार चळवळीत कित्येक दशकं विचार झाला आहे. तो क्रमाने पाहू.

मधला म्हणजे कोण

उमरी-धर्माबादकडे फिरणाऱ्या बहुतेकांनी कंपनीचं मुख्य कार्यालय एकदाच, ट्रेनिंगच्या वेळी पाहिलेलं असतं. त्यानंतर त्यांच्यासाठी कंपनी म्हणजे एरिया मॅनेजर. महिन्याचा टूर प्रोग्रॅम तोच मंजूर करतो. रजा, खर्चाचं बिल, टार्गेटची वाटणी, जॉइंट वर्कनंतरचा, म्हणजे सोबत फिरून पाहिल्यानंतरचा, शेरा, बढतीची शिफारस, सगळं त्याच्याच हातात. पण विक्री ज्या गोष्टींवर ठरते त्यातली एकही त्याच्या हातात नसते. एकूण टार्गेट वरून येतं. किंमत, स्कीम, उधारीची मर्यादा वर ठरते. माल वेळेवर डेपोत येईल की नाही, हेही त्याला सांगता येत नाही. माणसांवर पूर्ण अधिकार आणि कामाच्या अटींवर जवळजवळ शून्य अधिकार, अशी ही जागा आहे.

फ्रिट्झ रोथलिसबर्गर या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त कारखान्यातल्या फोरमनवर एक लेख लिहिला. वरच्यांशी एक भाषा आणि खालच्यांशी दुसरी भाषा बोलावी लागणारा, त्या दुहेरी बोलण्याचा सूत्रधार आणि बळी दोन्ही असलेला माणूस, असं त्याने फोरमनचं वर्णन केलं. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र नवं नाही. ऊसतोडीचा मुकादम असाच असतो. कारखान्याकडून उचल तो घेतो, टोळी तो जमवतो, आणि टोळीतला कोयता, म्हणजे मजूर जोडपं, पळाला तर अंगावरचं कर्जही त्याच्याच माथी. मुकादम आणि एरिया मॅनेजर यांच्या पगारात, शिक्षणात आणि प्रतिष्ठेत मोठं अंतर आहे. पण दोन्हीकडून बांधलेला हात हे दोघांतलं साम्य आहे.

कायद्याची साठ वर्षं

भारतात हा प्रश्न सगळ्यांत आधी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी मांडला. एमआर मंडळींचा अखिल भारतीय महासंघ, एफएमआरएआय, १९६३ मध्ये स्थापन झाला. त्या वेळी फिरतीवरचा माणूस कायद्याच्या नजरेत कोण, हेच स्पष्ट नव्हतं. मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की विक्रीचं काम हे अंगमेहनतीचंही नाही आणि कारकुनीचंही नाही, त्यामुळे असा प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' ठरत नाही. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ च्या अहवालात या वर्गासाठी वेगळ्या कायद्याची गरज मानली, आणि १९७६ मध्ये विक्री प्रसार कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. आधी त्याला वेतनाची मर्यादा होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती काढली. मात्र व्यवस्थापकीय कामावरचे आणि महिना १६०० रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक बाहेर ठेवले. म्हणजे फिरणारा आत आला आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा बाहेर राहिला.

या कायद्यातली दोन साधी कलमं माझ्या मते फार मोलाची होती: लेखी नेमणूकपत्र आणि हक्काची रजा. अकरा दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा, अठरा दिवसांमागे एक वैद्यकीय रजा. रजा हक्काची झाली की ती साहेबांच्या मर्जीची राहत नाही. वाईट व्यवस्थापनाचा इलाज म्हणून कोणी हा कायदा केला नव्हता, पण मधल्या माणसाची मर्जी जिथे चालते ती जागा त्याने थोडी आक्रसली.

१९९४ मध्ये सँडोझ कंपनीविरुद्धच्या अद्यंतया खटल्यात घटनापीठाने एमआर 'कामगार' नाही, ही भूमिका पुन्हा पक्की केली. त्यांना जे संरक्षण होतं ते १९७६ च्या कायद्यातून. विमा क्षेत्रात हाच वाद एका खऱ्याखुऱ्या मधल्या माणसावर झाला. आयुर्विमा महामंडळाचा विकास अधिकारी एजंट नेमतो, त्यांना शिकवतो, त्यांच्या धंद्यावर स्वतः तगतो. १९८३ मध्ये एस. के. वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार मानलं. २०१५ मध्ये चौहर्य त्रिपाठी खटल्यात त्याच न्यायालयाने ती भूमिका आता ग्राह्य नाही असं सांगितलं. एकच खुर्ची, एकच काम, बत्तीस वर्षांत दोन उत्तरं. मधली जागा समजून घेणं किती अवघड आहे, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

२०११ मध्ये केंद्र सरकारने या कायद्याखाली आणखी दहा उद्योग आणले: सौंदर्यप्रसाधनं, तयार कपडे, शीतपेयं, बिस्किटं, वाहनं, रंग वगैरे. बियाणं, खतं आणि कीटकनाशकं त्या यादीत नव्हती. नांदेड-लातूरच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर मोटारसायकलवर जी माणसं सगळ्यांत जास्त फिरतात, ती नेमकी याच धंद्यांतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७६ चा कायदा त्यांत विलीन झाला. औद्योगिक संबंध संहितेत विक्री प्रसार कर्मचाऱ्याला 'कामगार' या व्याख्येत जागा दिली आहे. पर्यवेक्षकासाठी मर्यादा महिना १८,००० रुपये. सरकारच्या मते यातून गोंधळ कमी होईल. संघटनांच्या मते फिरतीच्या कामासाठी खास केलेला कायदाच हातचा गेला.

चार भूमिका

पहिली भूमिका निवडीला दोष देते. जो सर्वाधिक विकतो त्याला बढती मिळते, आणि विकणं व माणसं सांभाळणं ही दोन वेगळी कसबं आहेत. लॉरेन्स पीटरने १९६९ मध्ये हे विनोदी अंगाने मांडलं होतं. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी २०१९ मध्ये १३१ कंपन्यांच्या विक्री कर्मचाऱ्यांची आकडेवारी घेऊन ते तपासलं. कंपन्या बढती देताना चालू विक्रीलाच झुकतं माप देतात आणि चांगला व्यवस्थापक कोण होईल हे सांगणाऱ्या इतर खुणांकडे काणाडोळा करतात, असं त्यांना आढळलं. पण त्यांनी दुसरी शक्यताही मोकळी ठेवली. बढतीच्या आशेनेच माणसं जोमाने विकत असतील, तर चुकीचा मॅनेजर निवडण्याचा खर्च कंपनीला परवडतही असेल.

मी याच वाटेने एरिया मॅनेजर झालो. नांदेड विभागात सलग दोन वर्षं माझा आकडा पहिला होता. बढतीनंतर मला नव्या उत्पादनांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं. माणसांशी कसं वागावं यावर त्यात एक तासही नव्हता. पहिल्याच खरिपात मी माझ्या टीममधल्या एका मुलाला तेच वाक्य ऐकवलं, पावसाचं आणि बिलाचं. तो काही बोलला नाही. मला तेव्हा ते जाणवलंही नाही. रात्री घरी जेवताना जाणवलं.

दुसरी भूमिका म्हणते, माणूस बदलून काही होत नाही. दाब वरून येतो आणि मधला फक्त नळी असतो. याचा मोठा दाखला अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचा. सप्टेंबर २०१६ मध्ये या बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. ग्राहकांना न विचारता खाती उघडल्याबद्दल सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले होते. संचालक मंडळाच्या २०१७ च्या चौकशीने विक्रीची संस्कृती, टार्गेटची पद्धत आणि त्या विभागाचं वरिष्ठ नेतृत्व यांच्याकडे बोट दाखवलं. आपल्याकडे जून २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेच्या कोलकात्यातल्या एका अधिकाऱ्याची ऑनलाइन बैठकीतली चित्रफीत देशभर फिरली. विमा पॉलिसींच्या टार्गेटवरून तो हाताखालच्यांवर ओरडत होता. बँकेने त्याला निलंबित केलं. टार्गेट कोणी आणि कसं ठरवलं, ही चर्चा मात्र तिथेच विरली. पुढच्याच वर्षी झाशीत एका वित्तसंस्थेच्या एरिया मॅनेजरने आत्महत्या केली. वसुलीच्या टार्गेटसाठी वरिष्ठांकडून दबाव होत असल्याचं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. ओरडणारा आणि ओरडा खाणारा, दोन्ही मधल्याच फळीतले.

तिसरी भूमिका कंपन्यांची. ती ऐकून घेतली पाहिजे, कारण बाजार त्यांनाही तोलावा लागतो. फिरतीचं काम डोळ्यांआड होतं. घरी बसून रिपोर्ट भरणं, न भेटलेल्या डॉक्टरचं नाव कॉल रिपोर्टमध्ये लिहिणं, दुकानदाराला आश्वासन देऊन माल कोंबणं, हे सगळं होतं आणि मीही जवळून पाहिलं आहे. पाठपुरावा सैल पडला की याचा भुर्दंड प्रामाणिकपणे फिरणाऱ्यालाच बसतो. गॅरी लॅथम आणि एडविन लॉक यांचं दीर्घ संशोधन सांगतं की नेमकं, अवघड पण पटलेलं ध्येय दिलं तर माणसं अधिक काम करतात. त्याला २००९ मध्ये काही अभ्यासकांनी हरकत घेतली, की ध्येयांचा मारा झाला तर लबाडी वाढते आणि नजर अरुंद होते. दोन्ही बाजूंचा भर 'पटलेलं' या शब्दावर येऊन थांबतो. उमरीत फिरणाऱ्या मुलाला त्याचं टार्गेट कसं आलं हे कोणी समजावून सांगितलेलं असतं का? माझ्या अनुभवात गेल्या वर्षीच्या आकड्यावर ठरावीक टक्के चढवून ते वाटलं जाई. पावसाचा, पिकाखालच्या क्षेत्राचा हिशेब त्यात नसे. धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात बिल झालेला माल रस्त्याने इकडे येऊन विकला जाई, तेव्हा वापर आमच्या भागात आणि विक्री दुसऱ्याच्या खात्यावर, असं होई. मॅनेजरला हे ठाऊक असूनही वर सांगता येत नसे.

चौथी भूमिका संघटनांची. त्यांच्या मते वाईट मॅनेजर हा व्यक्तीचा दोष मानला की कंपनी सुटते. कामाचे तास ठरवा, विक्रीच्या आकड्यावरून छळ आणि बदली थांबवा, फोनमधल्या ॲपवरून माणसाच्या हालचालींवर पाळत ठेवू नका, या त्यांच्या मागण्या. पाळतीच्या मुद्द्यावर मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. पूर्वी मॅनेजर महिन्यातून दोन-तीन दिवस मोटारसायकलवर मागे बसून यायचा. दुकानात चहा प्यायचा, दुकानदाराची तक्रार कानांनी ऐकायचा. आता तो नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात बसून नकाशावर ठिपका पाहतो. रात्री नऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता येतो; वरची नावं हिरवी, खालची लाल. त्या तक्त्यात उमरीची बाजारपेठ आणि संभाजीनगरची बाजारपेठ एकाच रांगेत असतात. ठिपका उमरीत होता हे कळतं, सावकार का रागावला हे कळत नाही.

उमेद आणि विक्री

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे: उमेद खचली की विक्री घटते. संशोधन याबाबत सावध आहे. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये मांडलं की वाईट देखरेख माणसाला नाराज करते, पण ती सुधारली म्हणून तो आपोआप उत्साहाने पेटत नाही. त्यासाठी कामातलं यश आणि जबाबदारी लागते. १९५५ मध्ये ब्रेफिल्ड आणि क्रॉकेट यांना समाधान आणि कामगिरी यांत फारसा संबंध दिसला नव्हता. २००१ मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने एकत्र करून पाहिले; संबंध सुमारे ०.३० निघाला. म्हणजे आहे, पण मध्यम. शिवाय कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. ज्याचा माल खपतो त्याची उमेद आपसूक चांगली असते, आणि त्याचा मॅनेजरही त्याच्याशी गोड वागतो.

विक्रीच्या धंद्यात एक गोष्ट मात्र वारंवार आढळली आहे. वॉकर, चर्चिल आणि फोर्ड यांनी १९७७ मध्ये विक्रेत्यांच्या प्रेरणेचा जो आराखडा मांडला, त्यात 'आपल्याकडून नेमकं काय हवं' याबद्दलची संदिग्धता आणि परस्परविरोधी अपेक्षा यांना मोठं स्थान आहे. दुकानदार म्हणतो माल परत घे, मॅनेजर म्हणतो परती शून्य दाखव. या कात्रीत सापडलेला माणूस दमतो, मग तो कितीही मेहनती असो. चाळीस पेट्यांचं बिल फाडताना मला ओरड्याचं जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त वाईट वाटलं ते वर्षानुवर्षं जोडलेल्या माणसाशी खोटं वागावं लागल्याचं.

भारतातला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे, जरी तो विक्रीचा नसला तरी. निकोलस ब्लूम, अप्राजित महाजन आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या १७ कापड कंपन्या घेऊन त्यांतल्या काहींत व्यवस्थापनाच्या पद्धती सुधारून पाहिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथली उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. प्रयोगानंतर नऊ वर्षांनी ते परत गेले, तेव्हा निम्म्या सुधारणा टाकून दिलेल्या होत्या. कारणांत ठळक होतं व्यवस्थापक बदलून जाणं आणि मालकांकडे वेळ नसणं. चांगली पद्धत एका मधल्या माणसाच्या डोक्यात राहिली, तर ती त्याच्याबरोबर निघून जाते. मला एक साहेब चांगले मिळाले होते. परती आली की ते आधी दुकानात जाऊन मालाच्या तारखा पाहायचे आणि मगच माझ्याशी बोलायचे. त्यांची बदली नागपूरला झाली आणि ती रीतही त्यांच्यासोबत गेली.

जे अजून सुटलेलं नाही

नव्या संहितांखाली एरिया मॅनेजर कुठे बसतो, हे न्यायालयांत ठरायचं आहे. नाव 'मॅनेजर' असलं तरी त्याला नेमण्याचा, काढण्याचा, खर्च करण्याचा अधिकार नसेल, तर तो व्यवस्थापक कसा? आणि तो कामगार मानला, तर त्याच्याविरुद्ध तक्रार करणारा फिरतीवरचा माणूस कोणाच्या दारात जाणार? संघटनांनाही हा प्रश्न अवघड जातो.

थर्ड पार्टी पेरोलवरच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. टोपी एका कंपनीची, पगाराची स्लिप दुसऱ्या एजन्सीची. त्यांना ओरडणारा मॅनेजर त्यांचा मालकही नसतो. फिरतीवरच्या बायकांचा अनुभव तर या चर्चेत जवळपास नाहीच. भोकर-उमरीच्या रस्त्यावर संध्याकाळी सातला 'अजून दोन कॉल कर' असं सांगणाऱ्या मॅनेजरला त्या सूचनेचा अर्थ तिच्यासाठी काय होतो, हे कळायला हवं.

आणि पुरावा बहुतेक मोठ्या शहरांतला आहे. तालुक्याच्या गावात मॅनेजरमुळे किती जण नोकरी सोडतात, हे सांगणारा भरवशाचा आकडा माझ्यासमोर आलेला नाही. माझ्या कंपनीत तो निघण्याची वाटच अशी होती. नोकरी सोडणाऱ्याचा फॉर्म एरिया मॅनेजरच्या हातून वर जाई. माझ्या टीममधले तिघं दोन वर्षांत गेले. तिघांच्या फॉर्मवर कारण एकच होतं, 'घरगुती अडचण', आणि ते फॉर्म सही करून मीच पुढे पाठवले.